काल येऊन गेलेली बाई

१

ऑक्टोबरातले ते चार दिवस आम्ही ड्रेस्डेनमध्ये राहत नसू. तसं काही दोघांनी बसून ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी घरात थांबवेना म्हणून बाहेर पडलो आणि मग ते तसंच चालू राहिलं. गाडी काढायची, दक्षिणेला डोंगरात कुठेतरी खोली घ्यायची, दिवसभर चालायचं, संध्याकाळी गरम सूप पिऊन झोपायचं. त्या चार दिवसांत आमच्या मुलीची तारीख येते. २०१३ साली, मला आठवा महिना असताना, ती आली आणि तिने श्वास घेतला नाही.

तिचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, ऊर्जा. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. औरंगाबादला माझ्या आईला नाही, नागपूरला अंजनाबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही नाही. नजर लागेल म्हणून नव्हे. आम्ही दोघंही बाबासाहेबांना मानणाऱ्या घरांतले, नजरबिजर आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. ती फक्त दोघांतली गंमत होती. पुढे ते नाव कुणाला सांगायचं कारणच उरलं नाही.

२०१७ साली अश्वजितला रजा मिळाली नाही. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिथे नवी मशिनं बसवायची होती. पुढच्या महिन्यात जाऊ, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तारीख काही पुढच्या महिन्यात येणार नाही, मी एकटी जाते. त्याला ते आवडलं नाही. बराच वेळ तो भांडी घासत राहिला, घासलेलीच पुन्हा घासली. मग म्हणाला, "जा दीपा. पण रोज संध्याकाळी फोन कर. आणि धुकं असलं की गाडी काढायची नाही."

माझं पूर्ण नाव धम्मदीपा. मी एका इन्स्टिट्यूटमध्ये सिलिकॉनच्या चकत्या तपासते. दिसायला अगदी एकसारख्या दोन चकत्यांमध्ये कुठे फरक आहे ते शोधायचं, एवढंच माझं काम. हे अशासाठी सांगते की मी सहजासहजी फसणारी बाई नाही. निदान तेव्हा तरी तसं मला वाटत होतं.

या वेळी मी उत्तरेला जायचं ठरवलं. तिकडे आम्ही दोघं कधीच गेलो नव्हतो, त्यामुळे तिकडे कुठलीच आठवण असणार नव्हती.

२

बर्लिनला वळसा घालून वर गेलं की गावं विरळ होत जातात. मग तळी लागतात. एक संपलं की दुसरं, मध्ये बीच नावाच्या झाडांचं जंगल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी जुनी झाडं की वर त्यांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. पानं तांब्यासारखी झाली होती. तासभर गाडी चालवली तर समोरून एखादा ट्रॅक्टर यायचा. मोबाइलला रेंज नाही. मला बरं वाटत होतं.

फ्राऊ लिंडेमान यांचं पेन्शन, म्हणजे घरगुती पाहुणघर, एका तळ्याच्या काठावर जंगल संपतं तिथे होतं. खोली मी आठवडाभर आधी फोनवर ठरवली होती. दुपार कलताना पोचले. बाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या असतील, हात पिठाचे. मला पाहून त्यांचा चेहरा ओळखीने फुलला.

"परत आलात? काही विसरलं का?"

मी जर्मनमध्ये सांगितलं की मी पहिल्यांदाच येते आहे, माझं बुकिंग आहे. त्यांनी चष्मा लावून मला नीट पाहिलं आणि मी थट्टा करत असल्यासारख्या हसल्या. किल्ली हातात दिली. जिना तुम्हाला माहीतच आहे, म्हणाल्या आणि कणकेकडे वळल्या.

जिना चढताना मला हसू येत होतं. या भागात आमच्यासारखा रंग महिन्यातून एकदा दिसत असेल. त्यांच्या लेखी आम्ही सगळ्या एकच. ड्रेस्डेनच्या आमच्या बेकरीतली बाईसुद्धा मला आणि आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या केरळच्या मुलीला अजून एकच समजते, आणि ती मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. म्हणजे काल इथे कुणीतरी भारतीय बाई राहून गेली. एवढंच.

खोली स्वच्छ होती. तळ्याकडे खिडकी, मोठा पलंग, त्यावर दोन उश्या. पलंगाला लागून एक लहान घडीची खाट मांडलेली, तिच्यावर सशांच्या चित्रांची चादर. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर एक छोटा टॉवेल वाळत टाकला होता. हात लावला तर अजून दमट होता.

लहान मुलांच्या वस्तू पाहिल्या की मी काय करते, ते माझं मला ठरलेलं आहे. मी त्यांच्याकडे पाठ करते. खाट मी भिंतीकडे सरकवली आणि बॅग तिच्यापुढे ठेवली.

फोन फक्त तळ्यात शिरलेल्या धक्क्याच्या टोकाला लागत होता. फळ्यांच्या त्या धक्क्यावर पाण्याच्या मधोमध उभी राहून मी अश्वजितला लिंडेमानबाईंचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, तुझ्यासारखी दुसरी आहे तर बरंच झालं, एक घरी पाठवून दे, घर अगदी सुनं झालंय. आम्ही बराच वेळ हसत, बोलत राहिलो. माझ्या पाठीमागे घराच्या दारात बाई उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण ऐकत होत्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून मी आणखी उत्तरेला गेले. दुपारी एका तळ्याकाठी धुरावलेल्या माशांची टपरी दिसली. लाकडी फळी, मागे धुराड्याची पेटी, आणि रबरी एप्रन घातलेला जाडजूड माणूस. मी एक मासा मागितला. त्याने तो कागदात गुंडाळला. मग दुसऱ्या एका कागदावर काटे काढलेला छोटा तुकडा ठेवला, फळीवरून वाकला, आणि माझ्या कमरेइतक्या उंचीवर, माझ्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे हात पुढे केला.

तिथे कुणी नव्हतं. तो गोंधळून सरळ झाला.

"छोटी आज गाडीतच बसली का? काल तिने दोनदा मागून खाल्ला."

मी म्हणायला हवं होतं, माझ्याबरोबर कुणी नाही. म्हणायला हवं होतं, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी पाहिलंत. ही वाक्यं मला जर्मनमध्ये येतात.

मी म्हटलं, "हो. गाडीत आहे."

त्याने तो तुकडा नीट बांधून माझ्या हातात दिला. तिला म्हणावं, थंडी वाढली की मासा आणखी गोड लागतो.

गाडीत बसून मी बराच वेळ ती पुडी मांडीवर घेऊन बसले. माझ्या डोक्याने आपलं काम सुरू केलं होतं. एक भारतीय बाई एका लहान मुलीला घेऊन याच भागात फिरते आहे, माझ्या एक दिवस पुढे. तिची सुट्टी, माझी सुट्टी. पर्यटकांचे रस्ते ठरलेले असतात, राहायची ठिकाणंही इथे मोजकीच. यात न पटण्यासारखं काहीही नव्हतं. मग मी त्या माणसाशी खोटं का बोलले? आणि ती पुडी शेजारच्या सीटवर ठेवताना, ती पडू नये म्हणून सीटबेल्ट का ओढून घेतला?

४

त्या रात्रीसाठी मी एका जुन्या शाळेत खोली घेतली होती. गावातली मुलं संपली तशी शाळा बंद पडली, मग तिथल्याच एका निवृत्त मास्तरांनी इमारत विकत घेऊन वर्गांच्या खोल्या केल्या. मास्तरांचं नाव ब्रांट. उंच, वाकलेले, अतिशय सभ्य. ते दारातच उभे होते. मला पाहून त्यांची नजर आधी माझ्या मागे गेली, गाडीकडे. मग माझ्याकडे.

आत नेऊन त्यांनी चहा दिला.  मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती भीती ते काही सांगतील याची नव्हती. ते काहीच सांगणार नाहीत, याची होती.

शेवटी मीच विचारलं की काल इथे कोण राहिलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. आल्झो, म्हणजे 'असं पाहा', म्हणून सुरुवात केली. मग हळू सांगितलं की काल माझ्यासारख्याच एक बाई आल्या होत्या, अगदी माझ्यासारख्या, म्हणून आता ते जरा गोंधळले आहेत. बरोबर त्यांची मुलगी होती, तीन-चार वर्षांची, दोन शेंड्या बांधलेली. मुलगी फार बोलकी. जर्मन बोलत होती, आईशी मात्र मध्येच दुसऱ्या भाषेत. तिने फळ्यावर त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली आणि स्वतःचं नाव त्यांना शिकवलं.

"मी उर्या म्हणत होतो," ते म्हणाले. "नोंदवहीत तसं वाचलं, आमच्याकडे 'j' म्हणजे य. तिने मला दुरुस्त केलं. या नाही, जा. ऊर्जा."

त्यांनी ते अगदी नीट म्हटलं. एखाद्या लहान मुलाने समोर बसून घोटून घेतल्यासारखं.

त्या वर्गात आता पलंग होता, पण फळा तसाच भिंतीवर होता. पुसलेला होता. पुसलेल्या खडूची ती पांढुरकी झाक, आणि अगदी खाली, उभ्या माणसाचा हात सहज पोचत नाही अशा उंचीवर, काही रेघा राहून गेल्या होत्या. मी खाली बसून पाहिलं. घर असेल, किंवा पक्षी. मी हात लावला नाही. बोटाला खडू लागला असता तर तो खरा ठरला असता, आणि नसता लागला तर ते मला सोसलं नसतं.

मास्तरांना मी आणखी एकच विचारलं, त्या कुठे गेल्या. खाडीकडे, ते म्हणाले. आजची रात्र अलीकडच्या काठावर थांबून उद्या सकाळी फेरीबोटीने पलीकडे, क्रौंच पक्षी बघायला. या दिवसांत ते हजारोंनी उतरतात तिथे.

गावाबाहेरच्या चढावर रेंज होती. संध्याकाळी मी अश्वजितला फोन केला आणि हे काहीही सांगितलं नाही. ते नाव चार वर्षांत आम्ही एकमेकांसमोरही उच्चारलं नव्हतं. तो म्हणाला, आवाज असा का येतोय, सर्दी झाली का. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की उद्या शुक्रवारी संध्याकाळी मी कुठे असेन. मी म्हटलं, परत लिंडेमानबाईंकडे, येताना तिथेच थांबायचं ठरवलंय.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी लपवल्याचा आनंद होता. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

५

सकाळी धुकं होतं. धुकं असलं की गाडी काढायची नाही, हे मला आठवत होतं. तरी मी काढली.

आदल्या दिवशीपर्यंत मला कुणीतरी माझ्या पुढे चाललं आहे याची भीती वाटत होती. आता ती माझ्यापासून निसटेल, ही भीती होती. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापलेली मक्याची रानं, आणि धुक्यातून क्रौंचांचा आवाज. ते दिसत नव्हते, नुसते ओरडत होते, सगळीकडून. काच खाली केली की तो आवाज आत शिरायचा.

खाडीजवळ रस्ता एका उतारावर जाऊन पाण्यात संपतो. तिथे फेरीचा माणूस साखळी लावत होता. बोट नुकतीच सुटली होती. लहानशी बोट, चार-पाच गाड्या मावतील अशी, आणि तिच्यावर एकच गाडी होती.

आमची गाडी. निळी, मागे ड्रेस्डेनची पाटी. मी आमच्या गाडीत बसूनच ती पाहत होते.

मी उतरून साखळीपर्यंत धावत गेले. माणसाने हात आडवा केला आणि म्हणाला की पुढची फेरी थोड्या वेळाने आहे, घाई करू नका. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

पाण्यावरचं धुकं तेवढ्यात जरासं उचललं. चालवणाऱ्या बाईची पाठ दिसत होती, केस माझ्यासारखे वर बांधलेले. ती वळली नाही. मागच्या काचेत मात्र एक चेहरा होता. दोन शेंड्या. नाक काचेला चिकटवलेलं. ती मला पाहत होती आणि तिला जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तिने हात वर केला आणि हलवला, शेजारच्या घरातल्या माणसाला करावा तसा. मग तोंड वळवून पुढे आईला काहीतरी सांगितलं. आईच्या खांद्याची हालचाल मला दिसली. ती हसली होती.

धुकं पुन्हा खाली आलं.

बोट परत आली तेव्हा रिकामी होती. माणसाने साखळी सोडली आणि मला आत यायची खूण केली. मी गेले नाही. का गेले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पलीकडे कुणीच भेटलं नसतं तर, ही भीती होतीच. पण ती एकच नव्हती. त्या मुलीला तिची आई होती. तिच्या गाडीत आणखी एक आई कुठे बसवायची?

मी तिथे उतारावर बसून रडले. चार वर्षांत प्रथमच मोठ्याने. क्रौंचांच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नसेल. मग गाडी वळवली.

६

परतीच्या वाटेवर, जुन्या झाडांच्या त्या बोगद्यासारख्या रस्त्यावर, समोरून एक गाडी आली. धुक्यात आधी दिवे दिसले, मग निळा रंग. ती अगदी सावकाश जवळून गेली. मी आत पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण मान वळेना. आरशात पाहिलं तेव्हा ती पुढे गेली होती, आणि तिचे मागचे लाल दिवे लागले होते. थांबत होती.

मी वेग वाढवला. पुढे गेलेली तर खाडीपलीकडे उतरली. मग ही कोण?

लिंडेमानबाईंच्या घरी पोचले तेव्हा दुपार होती, पण धुक्यामुळे खिडकीत दिवा लावलेला होता. बेल दाबली. बराच वेळ पावलांचा आवाज आला नाही, कारण त्या दाराच्या मागेच उभ्या होत्या. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि पिठाचा वास.

"आज तुम्ही कोणत्या?" त्यांनी विचारलं.

 त्या पुढे म्हणाल्या, "मुलीवाल्या, फोनवर हसणाऱ्या, की कालच्या?"

मी म्हटलं, फोनवर हसणारी. परवाची. धक्क्यावरून फोन केला ती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि साखळी काढली.

स्वयंपाकघरात बसवून त्यांनी जे सांगितलं ते असं. काल संध्याकाळी, मी इथून गेल्यावर, बेल वाजली. दारात मीच. त्यांना वाटलं, पुन्हा काही विसरलं. पण ती बाई खंगलेली होती, डोळे सुजलेले. अंगावर पुरुषाचं जाकीट, गडद हिरवं, इतकं मोठं की हात बाहीतून बाहेर येत नव्हते. खोली नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली. तिने विचारलं की काल जी बाई इथे राहिली ती संध्याकाळी फोनवर कुणाशी बोलत होती का. लिंडेमानबाई म्हणाल्या, हो, एका माणसाशी, बराच वेळ, हसत होती. तेव्हा ती पायरीवर खालीच बसली.

"आणि मग तिने विचारलं, तो निघाला का?" बाई म्हणाल्या. "मी विचारलं, कोण? ती पुन्हा तेच. तो निघाला का? मला माहीत नाही म्हटलं. मग ती उठून गेली. मला तिची भीती वाटली, आणि आता लाज वाटते आहे. तिला ब्रेड तरी द्यायला हवा होता."

गडद हिरवं जाकीट अश्वजितचं आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून घेतलं.

माझ्या डोक्याने पुन्हा काम सुरू केलं, पण या वेळी मला त्याची मदत नको होती. जी पुढे होती तिच्याकडे माझ्याकडे नसलेलं माणूस होतं. जी मागून येत होती, तिच्याकडे काय नव्हतं?

लिंडेमानबाईंचा फोन भिंतीवर होता, वायरचा. मी अश्वजितचा मोबाइल नंबर फिरवला. तिकडे उचलला गेला, आणि आधी ऐकू आली ती गाडी. इंजिन, रस्त्याचा घोंगावणारा आवाज.

"अगं, कुणाच्या नंबरवरून? यशपालची गाडी घेतली," अश्वजित म्हणाला. यशपाल त्याचा कारखान्यातला मित्र. "लवकर सुटलो. तुला सांगणार नव्हतो. बर्लिन मागे टाकलं, आता दीडएक तासात तिथे. धुकं मात्र भयंकर आहे."

"थांबव."

"काय?"

"गाडी थांबव. पुढे जो फाटा असेल तिथे उतर आणि थांब."

तो घाबरला. काय झालं, बरी आहेस ना, मीच येतो पटकन. तो 'पटकन' म्हणाला. मला वाटलं, माझ्या या फोननेच ते घडणार आहे. माझ्याशी बोलताना, माझ्याकडे यायच्या घाईत. त्या मागून येणारीनेही असाच फोन केला असेल. मी आवाज जमेल तेवढा शांत केला. मला काही झालेलं नाही, मी म्हटलं, मी तुझ्याकडे येते, तू फक्त सावकाश बाहेर पड, बोलू नकोस, फोन चालू ठेव.

तो बोलला नाही. मी रिसीव्हर कानाला दाबून उभी राहिले. शेजारून एक ट्रक गेल्याचा आवाज आला, लांबलेला. मग इंडिकेटरची टिकटिक. ती टिकटिक किती वेळ चालली मला माहीत नाही. लिंडेमानबाई माझं मनगट धरून उभ्या होत्या, त्यांचं पीठ माझ्या बाहीला लागत होतं. मग इंजिन हळू झालं. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज.

"थांबलो," तो म्हणाला. "पेट्रोलपंपापाशी. आता सांग."

"आल्यावर सांगते. आत जाऊन बस. मी येईपर्यंत गाडीत बसायचं नाही."

७

तो पंप मुख्य रस्त्याच्या कडेला होता, काचेच्या भिंतींचं उपाहारगृह असलेला. मी पोचले तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. बाहेरूनच मला तो दिसला. एकटा, कॉफीपुढे, दार दिसेल असा बसलेला. खुर्चीच्या पाठीवर ते हिरवं जाकीट.

मी गाडीतून उतरले आणि क्षणभर तशीच उभी राहिले. आत जावं, हात लावून बघावा, आणि तो तिथे नसावा, असं होईल असं वाटत होतं. तसं झालं नाही. तो उठला, त्याने माझे गार पडलेले हात धरले. त्याच्या अंगाला कॉफीचा आणि यशपालच्या गाडीतल्या अत्तराचा वास येत होता. मी काहीच सांगितलं नाही. त्यानेही तेव्हा विचारलं नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं की पुढे वळणाच्या अलीकडे उत्तरेकडे जाणारी बाजू बंद केलीय. कशामुळे, ते मी विचारलं नाही.

मग काचेवर उजेड पडला.

बाहेर, पंपाच्या दिव्यांच्या पलीकडे, एक गाडी येऊन उभी राहिली होती. धुक्यात तिचा रंग कळत नव्हता, पण मला रंग बघायची गरज नव्हती. दिवे चालू होते. कुणी उतरलं नाही.

माझा पहिला विचार पळायचा होता. अश्वजितला घेऊन मागच्या दाराने निघायचं. ती कशासाठी आली आहे, आणि काय घेऊन जाईल? मी त्याचा दंड घट्ट धरला होता. बाहेरची गाडी तशीच उभी होती. दिवे पुढे आले नाहीत, मागे गेले नाहीत. उघडं दार नाही, हॉर्न नाही. नुसती बघत असल्यासारखी.

"इकडे बस," मी त्याला म्हटलं. "या खुर्चीवर. खिडकीपाशी."

"का गं?"

"बस ना. थोडा वेळ."

तो बसला. चेहरा काचेकडे, दिवा डोक्यावर. त्याने बाहेर डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाला, आपल्यासारखीच गाडी दिसते, ओळखीचं आहे का कुणी?

"हात कर तिला," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे. काही न विचारता त्याने हात वर केला आणि हलवला, जरा संकोचून, जसा तो आमच्या बाल्कनीतून मला करतो.

दिव्यांच्या मागे, काचेआड, काहीतरी हललं. मला फक्त एक बाही दिसली, हातापेक्षा लांब, रिकाम्या टोकाने खाली लोंबणारी. ती वर आली, आणि बराच वेळ तशीच राहिली. अश्वजितही हात खाली घेईना.

मग धुकं दाट झालं. दिवे विझले की गाडी गेली, ते कळलं नाही.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"कॉफी संपव," मी म्हटलं. "घाई नाही."

त्या रात्री आम्ही घरी गेलो नाही. पंपामागच्या हॉटेलात एक खोली घेतली, आणि अंथरुणावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, खडूच्या रेघांपासून. नावही घेतलं. त्याने ते दोनदा मागून घेतलं. विश्वास बसला का, ते मी त्याला कधी विचारलेलं नाही.

सकाळी लख्ख ऊन होतं. गाड्या दोन होत्या, त्यामुळे एकत्र जाता येणार नव्हतं. तो यशपालची घेऊन पुढे निघाला, मी त्याच्या मागे. ड्रेस्डेनपर्यंत मी आमच्यातलं अंतर वाढू दिलं नाही. मागच्या आरशात मात्र मी एकदाही पाहिलं नाही.